२ बीएचकेतल्या एका खोलीत नवजात बाळांच्या फोटोंचा स्टुडिओ : काय लागेल, काय टाळावं?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. कासारवडवलीला २ बीएचके आहे. त्यातली १० बाय ११ फुटांची खोली मोकळी करून नवजात बाळांच्या फोटोंचं काम सुरू करायचा विचार आहे. सध्या लग्न-मुंजीची कामं करतो, त्यामुळे क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा, ५० आणि ८५ मिमीच्या लेन्स आणि दोन स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारे छोटे फ्लॅश) हाताशी आहेत. खोलीला पश्चिमेची एकच स्लायडिंग खिडकी, बाहेरून ग्रिल, भिंती फिकट पिस्ता रंगाच्या. मदतीला बायको असेल. कॅमेरा सोडून बजेट साधारण ६० हजार.

यूट्यूबवर जे दिसतं ते सगळं थंड देशांतलं. खोलीत हीटर लावा म्हणतात. ठाण्यात मे महिन्यात हीटर? शिवाय आपल्याकडे सव्वा महिना बाळंतीण उंबरठ्याबाहेर पडत नाही, मग स्टुडिओत येणार कोण? लाइट, बाळ हाताळण्याची पद्धत, वेळ, सोसायटी-परवाने आणि दर यांवर ज्यांना खरी माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पांढरा_पडदा (वाशी)

खरेदीच्या आधी भिंत रंगवून घ्या. पिस्ता रंगावरून परतणारा उजेड बाळाच्या कातडीवर हिरवट पडतो. नवजात बाळ मुळात लालसर असतं, त्यात थोडी कावीळ असली तर पिवळं. लाल, पिवळा आणि हिरवा एकत्र आले की जो मातकट रंग तयार होतो तो लाइटरूममध्ये तासभर झगडूनही धड जात नाही, कारण गालावर एक छटा असते आणि पोटावर दुसरी. चारही भिंती आणि छत मॅट पांढरं करा. चकचकीत ऑइल पेंट नको.

लाइट एकच पुरे. नवीन घेण्याची घाई नको, तुमचा स्पीडलाइट सुरुवातीला चालेल. ब्रॅकेटवर लावून १२० सेंमीचा ऑक्टा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी आठ बाजूंची कापडी पेटी) घ्या. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पांढरे पडदे लावायचे. सॉफ्टबॉक्स बाळाच्या डोक्याच्या बाजूला साधारण ४५ अंशांत, खालची कड बीनबॅगच्या उंचीपेक्षा जराशी वर, अंतर ३ ते ४ फूट. उजेड कपाळाकडून हनुवटीकडे उतरला पाहिजे. तो पायांकडून वर चढला की नाकपुड्या उजळतात, डोळ्यांवर उलटी सावली येते आणि गोंडस बाळ भुतासारखं दिसतं. नवशिक्यांच्या फोटोंत सर्वाधिक दिसणारी चूक हीच. सॉफ्टबॉक्सचं तोंड थेट बाळावर न रोखता थोडं पुढे फिरवा, म्हणजे बाळावर फक्त कडेचा मऊ उजेड येईल. समोरच्या बाजूला २ बाय ३ फुटांचा पांढरा सनबोर्ड उभा केला की सावली उचलली जाते. दुसऱ्या लाइटची गरज नाही.

फ्लॅशवर आयएसओ १०० ते २००, एफ ३.५ ते ४, शटर १/१६० आणि फ्लॅशची ताकद प्रयोगाने ठरवा. एफ १.८च्या मोहात पडू नका. इतक्या जवळून पापणी तेवढी शार्प येते, नाकाचा शेंडाही धूसर होतो. फ्लॅशचा बीप बंद करा. बाळ उजेडाने सहसा दचकत नाही, बीपने दचकतं.

आईवडील फ्लॅशला बिचकत असतील तर ६० वॉटचा डेलाइट एलईडी त्याच सॉफ्टबॉक्समधून वापरता येतो. तेव्हा आयएसओ ४००, एफ २.८, शटर १/१२५च्या आसपास हिशोब बसतो. घरातली ट्यूब मात्र बंदच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. वेगवान शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात आणि दोन रंगांचा उजेड मिसळतो तो वेगळाच.

पश्चिमेची खिडकी तुमच्या फायद्याची आहे. सकाळभर तिथून सूर्य आत येत नाही, उजेड मऊ मिळतो. ग्रिलच्या सावल्या जाव्यात म्हणून पांढऱ्या व्हॉइलचे दोन थर लावा. पण निव्वळ खिडकीवर धंदा उभा करू नका. जुलैत भर दुपारी १२ वाजता अंधारून येतं आणि सत्राच्या मध्यावर उजेड दोन स्टॉप उतरतो, म्हणजे पाव राहतो.

मांडणी अशी: बीनबॅग १०० ते ११० सेंमी व्यासाची, ३५ सेंमी उंच, भिंतीपासून २ फूट पुढे. मागे बॅकड्रॉप स्टँड. कापड स्टँडवरून क्लॅम्पने ताणून पुढे बीनबॅगवर आणायचं. आत ३ ते ४ किलो थर्माकोलचे दाणे लागतात आणि महिन्याभरात ते बसतात, म्हणून किलोभर जास्तीचे आणून ठेवा. बीनबॅग ढिली पडली की बाळ मधोमध रुततं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. नुसती फोटोची अडचण नाही ती.

कापडं एकावर एक आधीच लावून ठेवा. सर्वांत खाली ड्रायशीट, त्यावर शेवटी लागणारं ब्लँकेट, त्यावर पुन्हा ड्रायशीट, असे तीन-चार थर. बाळाने वरचं ओलं केलं की ते ओढून काढायचं, खालचं तयार असतं.

८५ या खोलीत विसरा. क्रॉपवर ५० बाजूच्या फोटोंना छान, पण वरून घ्यायच्या फोटोंना ३५ लागेल. तेवढी एक लेन्स घ्या. बोटं, पापण्या, ओठ यांच्यासाठी महाग मॅक्रो नको, ५०ला १२ किंवा २० मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ कडी) लावा. जुन्या चांगल्या लेन्स सीएसएमटीसमोरच्या फोर्टातल्या दुकानांत मिळतात. लेन्समधून टॉर्च मारून आत बुरशी आहे का ते बघूनच घ्या, मुंबईच्या हवेत ती हमखास असते.

हीटरचं म्हणाल तर इथे प्रश्न उलटा आहे. खोली २६ ते २८ अंश हवी. एसी २७वर, झोत छताकडे, पंखा बंद. पावसाळ्यात ड्राय मोड. उघड्या अंगाचे फोटो घेताना २८, गुंडाळलेलं असेल तर २६. तुम्हाला घाम फुटेल, तो पुसायला नॅपकिन खांद्यावर ठेवा, बाळावर थेंब नको.

टोपडं (ठाणे पश्चिम)

वरचं सगळं मान्य, पण खोली आणि लाइट हा निम्मा भाग झाला. घोडबंदरकर, तुम्ही लग्नातून येताय. तिथे माणसं स्वतःच्या पायांवर उभी असतात.

पहिला नियम: बीनबॅगवर, टोपलीत, परातीत, कुठेही बाळ असलं की एक माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर बसलेला हवा आणि त्याने नजर बाळावरून हलवायची नाही. हे काम तुमच्या पत्नी करणार असतील तर त्यांच्याकडे दुसरं काही काम नको. रिफ्लेक्टर धरणं नको, मोबाइलवर व्हिडिओ नको, चहा तर नकोच. नवजात बाळ पालथं पडत नाही म्हणून निर्धास्त राहणारे असतात. पण दचकण्याची एक उपजत प्रतिक्रिया असते, त्यात हातपाय एकदम फेकले जातात आणि तेवढ्या धक्क्याने बाळ उतारावरून घसरतं.

दुसरं, कंपोझिट म्हणजे काय ते नीट समजून घ्या. हातांवर हनुवटी टेकवून बसलेल्या बेडकासारख्या पोझचा फोटो एका क्लिकमध्ये घेतलेला नसतो. पहिल्या फोटोत मदतनीस वरून डोकं धरतो. दुसऱ्यात मनगटं आणि हात खालून धरले जातात आणि डोक्यावरचा हात निघतो. मग फोटोशॉपमध्ये दोन्ही जोडून बोटं पुसतात. बाळ एकही क्षण मोकळं नसतं. कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्स्पोजर आणि फोकस लॉक. झोळीत लटकलेलं, फांदीवर झोपलेलं बाळ हेही तसंच: बाळ गादीवर, झोळी वेगळी. माझं स्पष्ट मत, पहिलं वर्षभर ही पोझ यादीतच ठेवू नका. गिऱ्हाइकाने इन्स्टावरचा फोटो दाखवला तरी नाही म्हणा. पाठीवर झोपलेलं, कुशीवर झोपलेलं आणि गुंडाळलेलं, एवढ्या तीन पोझमध्ये हात, पाय, टोपडं आणि कापड बदलून २० फोटो आरामात निघतात.

गुंडाळताना आपल्याकडची सवय पाय सरळ ताणून घट्ट बांधायची. ते करू नका. मांड्या वर आणि बाहेर वाकायला जागा हवी, खुब्याच्या सांध्यासाठी ते महत्त्वाचं आहे. स्ट्रेच जर्सीचा ४५ सेंमी रुंद, दीड मीटर लांब पट्टा घ्या. खांद्यापासून सुरुवात करून छातीवर दोन बोटं शिरतील इतका सैल. पंजे आणि तळवे दर पाच मिनिटांनी बघा. जांभळट झाले तर पोझ सोडवून हातपाय मोकळे करा, रंग लगेच परत येतो. ओठ किंवा जीभ निळी दिसली तर मात्र ते साधं नाही. कॅमेरा ठेवा, १०८ला फोन करा. बाळाला प्रथमोपचार कसे द्यायचे याचं प्रशिक्षण तुम्ही दोघांनीही आधी घेतलेलं असावं.

ऊब तपासायची ती मानेच्या मागे, हाताच्या उलट्या बाजूने. पंजे गार असणं नेहमीचंच. मान घामेजली असेल तर एक थर काढा. शंका आली तर काखेत थर्मामीटर: ३६.५ ते ३७.५ अंश ठीक. खाली किंवा वर गेलं तर सत्र थांबवा.

बादली किंवा टोपली वापरणार असाल तर तळाला ३ किलोचं वजन, त्यावर टॉवेल, मग बाळ. आधी ३ किलो तांदळाची पिशवी कडेला झुकवून ठेवून बघा. कलंडली तर ती बादली बाद. काचेची बरणी, चिनीमातीचं भांडं, कडेला पत्रा असलेलं काहीही नको. लाइट स्टँडच्या पायावर ५ किलोची वाळूची पिशवी, आणि सॉफ्टबॉक्स बूमवर लावून बाळाच्या डोक्यावर कधीच टांगू नका. वरून फोटो घेताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, शर्टाच्या खिशातला मोबाइल बाहेर. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, लांब मंगळसूत्र काढून ठेवायचं, नखं कापलेली हवीत.

कावीळ: चेहरा थोडा पिवळा असणं पहिल्या आठवड्यात नेहमीचं. पण तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा बाळ दूधच ओढत नाही असं आईने सांगितलं तर फोटो राहू द्या, "डॉक्टरांना आज दाखवा" एवढंच सांगा. निदान करत बसू नका. लवकर जन्मलेलं किंवा एनआयसीयूत राहून आलेलं बाळ असेल तर आधी डॉक्टरांचा होकार.

तुम्हाला साधी सर्दी असली तरी तारीख पुढे ढकला. ओठावर तापाचे फोड (हर्पीस) आले असतील तर बाळाच्या जवळपासही फिरकू नका, तो विषाणू नवजाताला जिवावर बेतू शकतो. धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा बूस्टर आणि फ्लूची लस तुम्ही दोघांनी घ्या.

आणि हो, बाळ रडायला लागलं की घरातली थोरली मंडळी मध चाटवायला सांगतात. एक वर्षापर्यंत मध नाही. त्यांच्याशी वाद न घालता बाळ आईकडे पाजायला द्या.

खणाचं_झबलं (खारघर)

"येणार कोण" या प्रश्नाचं उत्तर खोलीत नाही, पंचांगात आणि बाळंतिणीच्या दिनक्रमात आहे. 🙂

कुशीत वळवून घेता येणारी गाढ झोप ५व्या ते १४व्या दिवसापर्यंत चांगली मिळते. नेमके याच दिवसांत आपल्याकडे सोयर, मग बारसं, आणि आई माहेरी. बुकिंग ठाण्याचं असतं आणि बाळ निघतं बदलापूरला. त्यामुळे इथे नवजात बाळांचं निम्म्याहून जास्त काम बाळाच्या घरी जाऊन होईल असं धरूनच चला. स्टुडिओची खोली लागते ती सव्वा महिन्यानंतरच्या बाळांना, शंभर दिवसांच्या, सहा महिन्यांच्या फोटोंना. ५ ते ८ आठवड्यांच्या बाळाचं वेगळं पॅकेज ठेवा: जागं बाळ, गुंडाळलेलं, डोळे उघडे, आईबाबांच्या हातात. वळवलेल्या पोझ यात मिळणार नाहीत हे बुकिंगच्या वेळीच सांगा, नाहीतर शेवटी तोंडं वाकडी होतात.

वेळेचं गुपित परदेशी व्हिडिओत नसतं, कारण त्यांच्याकडे मालिशवाल्या मावशी नाहीत. तेल लावून, अंघोळ घालून, शेक-धुरी होऊन, पाजून बाळ जे झोपतं ते दोन-तीन तास हलत नाही. तुमचं सत्र तिथे बसवायचं. मावशी ९ला येत असतील तर तुम्ही ९ वाजता पोचून सामान लावा आणि साडेदहाला पहिला फोटो. आदल्या दिवशी आईला मेसेज करा: उद्या तेल कमी आणि पूर्ण पुसलेलं, काजळ नाही, पावडर नाही, टिकली-तीट फोटोनंतर. तेलकट कपाळावर सॉफ्टबॉक्स आरशासारखा चमकतो. काजळ पसरलं की डोळ्याभोवतीचा डाग काढण्यात फोटोमागे दहा मिनिटं जातात. धुरी शेजारच्या खोलीत करून घ्या. ओवा-वेखंडाचा धूर भरलेल्या खोलीत फोटो धुरकट येतो, आणि बाळाच्या छातीसाठीही तो बरा नाही. काळा दोरा सोडायला सांगू नका, घरच्यांना ते रुचत नाही. कापडाखाली सरकवा.

बारशाच्या दुसऱ्या दिवशीची तारीख कधीच देऊ नका. आदल्या दिवशी बाळ पन्नास हातांतून फिरलेलं असतं. न झोपलेलं बाळ शांत झोपेल असं वाटतं, होतं उलटंच: किरकिर करतं आणि दहा मिनिटांच्या वर डोळा लागत नाही.

कपड्यांबद्दल: पैठणीचा जर थेट कातडीला लावू नका, लाल रेघा उठतात. पैठणी खाली पसरा, मध्ये मलमल, त्यावर बाळ. इरकल, खण, आजीची गोधडी, कुंची, सूप, पितळी परात यांचे फोटो आपल्याकडे आयात केलेल्या फरच्या कापडांपेक्षा जास्त आवडतात आणि गिऱ्हाईक ते स्वतःच्या घरातलं देतं. साध्या कापडासाठी उल्हासनगर किंवा जांभळी नाका. जर्सी कापड मीटरवर घ्या, तयार 'न्यूबॉर्न रॅप' म्हणून विकतात ते तेच कापड चौपट भावात असतं.

घोडबंदरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुठेच एकत्र मिळालं नव्हतं. दोन प्रश्न राहिले. घरी जाऊन शूट करायचं तर मोठी बीनबॅग रिक्षात बसणार नाही, तेव्हा काय न्यायचं? आणि दर काय सांगायचा? आमच्या भागात कुणी चार हजारांत करून देतं म्हणतात. सोसायटीचं पण कुणी लिहा.

खणाचं_झबलं (खारघर)

बीनबॅग नेऊ नका. त्यांच्याच घरची कापसाची गादी जमिनीवर, तिच्याखाली मध्यभागी दुमडलेलं जाड ब्लँकेट, कडेने गुंडाळलेले दोन टॉवेल, वरून तुमचं कापड क्लॅम्पने ताणलेलं. छोटा खळगा तयार होतो आणि जमिनीवर असल्याने पडायची भीती जवळजवळ नाही. दोन पिशव्यांत सगळं मावतं: स्पीडलाइट, ९० सेंमीचा छत्रीसारखा उघडणारा सॉफ्टबॉक्स, हलका स्टँड, रिकामी वाळूची पिशवी (तिथे पाण्याच्या बाटल्या भरायच्या), चार रॅप, दोन ब्लँकेट, सहा ड्रायशीट, टोपडी, पांढरी चादर, क्लॅम्प, थर्मामीटर, सॅनिटायझर. पांढरी चादर विसरू नका. समोरची भिंत भगवी किंवा जांभळी निघाली की तीच उपयोगी पडते.

आईला मांडी घालून बसवू नका. सिझर असो वा टाके, पाठ टेकायला खुर्ची आणि पायाखाली पाट द्या, आईबरोबरचे फोटो सर्वांत आधी घ्या आणि तिला आत झोपायला पाठवा. खोलीत जितकी माणसं कमी तितकं बाळ निवांत. थोरलं भावंड असेल तर त्याचाही फोटो पहिल्या दहा मिनिटांतच. बाळ जमिनीवर झोपलेलं आणि तीन वर्षांचा दादा शेजारी पडलेला. मांडीवर द्यायचं नाही.

ऐरोलीकर

दराचा हिशोब मांडून बघा, बाजारात कोण काय घेतं ते बाजूला ठेवा. एका कामाला बोलाचाली १ तास, शूट ३, सामान लावणं-आवरणं १, धुणं १, २० फोटोंचं एडिटिंग १५ मिनिटांप्रमाणे ५, पाठवणं-अल्बमची ठरवाठरवी १. झाले १२ तास. तासाला ४०० धरले तर ४,८००. महिन्याचा बांधील खर्च (सॉफ्टवेअर, विमा, हार्ड डिस्क, कॅमेऱ्याची घसारा-रक्कम, जाहिरात) १२ हजार धरला आणि महिन्याला ६ कामं, तर प्रत्येकी २,०००. मदतनीस १,०००. प्रवास ८००. बेरीज ८,६००, आणि यात तुमचा नफा शून्य. चार हजारांत करून देणारा एकतर धुणं आणि एडिटिंग मोजत नाही किंवा मदतनीस नेत नाही. दुसरी शक्यता जास्त वाईट.

प्रसूतीची तारीख कधीच नक्की नसते, म्हणून बुकिंग दिवसाचं न घेता महिन्याचं घ्या, २५ टक्के आगाऊ. आठवड्याला दोन सकाळी रिकाम्या ठेवा. बाळ आजारी असेल तर तारीख बदलायचे पैसे नाहीत, हे छापून द्या.

कागदपत्रं: गुमास्ता म्हणतो ते २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली येतं. एकट्याच्या व्यवसायाला फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी फुकट आहे, पॅन-आधारवर स्वतः करा, एजंटला पैसे देऊ नका. व्यवसाय कराचं पीटीईसी, वर्षाला २,५००. जीएसटी सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की, दर १८ टक्के. लग्नाची कामंही त्याच पॅनवर धरली जातात हे विसरू नका.

सोसायटीला लेखी पत्र द्या: दिवसाला एकच कुटुंब, पाटी नाही, आवाज नाही, कर्मचारी नाहीत. तक्रार होते ती पाहुण्यांच्या पार्किंगवरून आणि लिफ्टवरून, फोटोंवरून कुणीच करत नाही. गाडीची सोय कुठे ते पत्रातच लिहा. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याची घरं असतात, तिथे करारातली वापराची अट वाचून मगच पुढे.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. कॉपीराइट कायदा, १९५७चं कलम १७ सांगतं की पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा असतो. म्हणजे तुम्ही काढलेला फोटो तुमच्याच पेजवर टाकायचा हक्क तुम्हाला आपोआप नाही. करारात मालकी आणि वापर वेगवेगळे लिहा. सोशल मीडियासाठी स्वतंत्र रकाना, त्यावर वेगळी सही, "चेहरा दिसेल" आणि "फक्त हातपाय" असे दोन पर्याय. नजर लागेल म्हणून बऱ्याच घरांत चेहरा नको असतो, पण हातापायांना होकार मिळतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती हवी आहे, तेव्हा व्हॉट्सॅपवरच्या अंगठ्यावर विसंबू नका.

पुढे डोहाळजेवणाचे, गरोदरपणाचे फोटो करायला लागाल तेव्हा परदेशी पेजवर बघून कुणीतरी निळ्या-गुलाबी धुराचा 'मुलगा की मुलगी' कार्यक्रम मागेल. आपल्याकडे जन्माआधी लिंग सांगणं हा पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे. सरळ नकार द्या.

पांढरा_पडदा (वाशी)

ऐरोलीकरांच्या हिशोबात एक दुरुस्ती. २० फोटोंना ५ तास लागतात कारण लाइट चुकलेला असतो. सुरुवातीला ग्रे कार्डचा (रंग जुळवायच्या करड्या पुठ्ठ्याचा) एक फोटो घेतला आणि पूर्ण सत्र एकाच लाइटवर केलं तर व्हाइट बॅलन्स सगळ्यांना एकदम लागतो. पिवळेपणासाठी पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं खाली आणि ल्युमिनन्स वर, लालसाठी फक्त डाग पुसा. कातडी प्लास्टिकसारखी गुळगुळीत करू नका, सालपटं निघणारे पाय तसेच ठेवा, आया तेच मागतात. ३ तासांत होतं.

ऐरोलीकर

तुम्हाला ३ तासांत होतं. त्यांनी पहिल्या वर्षी ५च धरावेत.

टोपडं (ठाणे पश्चिम)

धुण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. बाळाला लागलेलं प्रत्येक कापड प्रत्येक सत्रानंतर धुवायचं, न वापरता नुसतं काढून ठेवलेलंही. सुती कापडं ६० अंशांवर, जर्सी आणि लोकर कोमट पाण्यात, सौम्य बिनवासाची पावडर, दोनदा खळबळून. सुगंधी सॉफ्टनर घालू नका, त्याने पुरळ येतं आणि ड्रायशीट पाणी शोषेनाशी होते. बीनबॅगचं कव्हर रेक्झिनचं घ्या, म्हणजे पुसता येतं.

जून ते सप्टेंबर ठाण्यात कापड वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेलं घडी घालून ठेवलं की दोन दिवसांत कुबट वास. म्हणून पावसाळ्यासाठी रॅपचे दोन पूर्ण संच करा, एक दोरीवर आणि एक झिपच्या पिशवीत. इस्त्री फिरवून, पूर्ण गार झाल्यावरच पिशवी बंद करायची. त्याच खोलीत कपडे वाळत घालू नका. कॅमेरा आणि लेन्स तिथेच असतील तर ती ओल थेट काचेत शिरते.

पांढऱ्या आवाजाचं (व्हाइट नॉइज, एकसुरी सूंऽऽ आवाजाचं) मशीन किंवा मोबाइल अॅप वापरणार असाल तर ते बाळापासून २ मीटर लांब आणि ५० डेसिबलच्या आत ठेवा. लोकांनी ते बाळाच्या उशाशी ठेवलेलं मी बघितलंय.